दुपारी झोपा, रात्री सौभद्र बघा!

गोव्यातल्या साखळीच्या पंचक्रोशीत जत्रेचं नाटक बघायला जायचं ठरवलंत, तर दुपारी भरपूर झोप काढून घ्या. इथलं नाटक देवाच्या वेळेनं चालतं. पालखी फिरून देवळात आली, आरती झाली, देवापुढच्या वस्तूंची पावणी, म्हणजे लिलाव, बोलून झाली, की मग कुठे पहिली घंटा. शेवटचा पडदा पडेपर्यंत कोंबडं आरवायला आलेलं असतं. तिकीट नाही, आसनक्रमांक नाही. आणि नट? सकाळी ज्याच्याकडे स्कूटर दुरुस्तीला टाकलीत, तोच रात्री बलराम होऊन गदा खांद्यावर घेऊन येतो.

पहिली पसंती कुणाला?

'संगीत सौभद्र'ला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचे पहिले तीन अंक पुण्यात 18 नोव्हेंबर 1882 ला रंगले. पुरं नाटक पुढच्या वर्षी आलं. गंमत बघा, बरोबर एका आठवड्यानं, 25 नोव्हेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची 'आयोलँथी' ही संगीतिका उघडली. सॅव्हॉयमध्ये विजेचे दिवे होते, पुण्यात विजेचा पत्ता नव्हता. पण गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर आजही हौसेनं काय बसवतात, तर सौभद्र!

कारण सोपं आहे. सौभद्र म्हणजे लग्नघरातली भानगड. थोरल्या भावाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, बहिणीचा जीव अर्जुनावर, आणि धाकटा भाऊ कृष्ण वरवर काहीच ठाऊक नसल्यासारखा सगळ्यांना नाचवतो. अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन खुद्द बलरामाचाच पाहुणचार झोडतो, तिथे तर शेवटच्या रांगेतली आजीही पदर तोंडाला लावून हसते. पौराणिक नाटक आहे म्हणून हात जोडून बसावं लागत नाही, हे त्याचं मोठं बळ.

बाईचं काम पुरुषाकडे, पुरुषाचं बाईकडे

पहिली सुभद्रा होती भाऊराव कोल्हटकर. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करत. आता गोव्यात महिलांची आख्खी नाटकं उभी राहतात, त्यात अर्जुनही बाईच आणि गदाधारी बलरामही बाईच! नेहमीच्या गावमेळात मात्र सुभद्रा आणि रुक्मिणीसाठी कधी कधी दुसऱ्या गावची गाणारी नटी बोलावतात. ती शेवटच्या एक-दोन तालमींना येते आणि उभं नाटक तिला तोंडपाठ असतं. माझ्या लेखी या नट्यांचा मान मोठ्या व्यावसायिक कलावंतांपेक्षा तसूभरही कमी नाही.

नारदाचं काम आणि एक लहान मुलगी

सौभद्राचं आणि गोव्याचं नातं मंगेशीपर्यंत जातं. दीनानाथ मंगेशकर तिथले, जन्म 1900 चा. 1918 मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. पुढे त्यांच्या कंपनीच्या सौभद्राच्या एका प्रयोगाला नारद करणारा नट ऐन वेळी उभा राहू शकला नाही, तेव्हा त्यांच्या लहानग्या लेकीनं, लतानं, ते काम केलं आणि वन्समोअर घेतला. ही आठवण खुद्द लताबाईंनी मुलाखतींत सांगितली आहे. म्हणून जत्रेच्या नाटकात शाळकरी नारद वीणा सावरत आला, तर उगाच कुजबुजू नका, नीट कान देऊन ऐका.

मंगेशीचेच जितेंद्र अभिषेकी. 'मत्स्यगंधा' (1964) आणि 'कट्यार काळजात घुसली' (1967) यांचं संगीत त्यांचं. 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणलं ते गोवा हिंदू असोसिएशननं, आणि त्यातली पदं गाऊन घरोघर पोचले ते म्हापशाचे रामदास कामत. पेडण्याचं नाव आडनावात मिरवणाऱ्या हिराबाई पेडणेकरांना तर विसरूच नका. मराठीतल्या पहिल्या स्त्री नाटककार म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांचं 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शनं रंगमंचावर आणलं.

ऑर्गनवाल्याची खरी कसरत

मला विचाराल तर पडद्याकडे पाठ झाली तरी चालेल, पण साथीदार दिसतील अशी जागा धरा. ऑर्गनचा भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात सुरांवर मोकळे. पेटीचं तसं नाही. तिथे एक हात भात्यातच अडकतो. आता गावच्या नाटकातली अडचण बघा. अर्जुन गाणार काळी एकमध्ये, सुभद्रा काळी चारमध्ये. एक पद संपतं, दोन वाक्यं होतात आणि दुसऱ्याच पट्टीत दुसरं पद सुरू. वादकाची बोटं त्या दोन वाक्यांत नव्या घरी जाऊन बसलेली असतात. त्याच वेळी नटाच्या चेहऱ्यावरून तो ओळखतो की हा ओळ विसरलाय. मग एक तान जास्त वाजवून देतो, विंगेतून प्रॉम्प्टर हळूच शब्द सोडतो, आणि गाडी पुन्हा रुळावर. प्रेक्षकांतल्या निम्म्या जणांना पद पाठ असतं, तेही ओठ हलवून मदत करतात.

सौभद्रात पदं आहेत शंभराच्या घरात. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त तर दोनशेच्या वर होती. सगळी घ्यायची तर दुसरी रात्र लागेल, म्हणून तालमीत पदांना कात्री लागते. कुठलं पद ठेवायचं यावरून जितका वाद रंगतो, तितका गावच्या निवडणुकीतही रंगत नसेल.

विंगेत कोंकणी, रंगमंचावर मराठी

रंगपटात सगळा कारभार कोंकणीत. "मुकुट खंय आसा?" असं ओरडणारा माणूस पडदा उघडताच अस्सल संस्कृतप्रचुर मराठीत आशीर्वाद देतो. मुकुट, शेले, गदा, जंगलाचा नि राजवाड्याचा रंगवलेला पडदा, हे सगळं ड्रेपरीवाल्याकडून एका रात्रीच्या भाड्यानं येतं. प्रवेश संपला की ध्वनिक्षेपकावरून बक्षिसं पुकारतात: अमक्यांकडून सुभद्रेच्या पदाला इतके रुपये. देणाऱ्याचं नाव नटाच्या नावाइतकंच ठणठणीत घेतात.

शेजारची भावंडं

पेडण्याकडे सरकलात तर दशावतार. तिथे लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. सत्तरीत रणमाले हे लोकनाट्य. साखळीच्या विठ्ठलापुरात चैत्रोत्सवाला वीरभद्र, आणि त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका. एवढ्या छोट्या टापूत इतके प्रकार एकमेकांना खेटून नांदतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

जाग्रण झेपत नसेल, तर साखळीचं रवींद्र भवन आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावानं त्यांच्या 1961 च्या जन्मशताब्दीपासून देशभर अशी नाट्यगृहं उभी राहिली. गोव्यात मडगाव, कुडचडे आणि बायणा इथेही आहेत. तिथे खुर्च्या मऊ आणि प्रयोग वेळेवर. पण भौगोलिक मानांकन मिळालेलं आल्या-गुळाचं खाजं कागदाच्या पुडीतून चावत सौभद्र बघायचं असेल, तर देवळासमोरच्या मांडवालाच चला.

आणि घरात पेटी शिकणारं पोर असेल तर त्यालाही घेऊन चला. मध्यंतरात ऑर्गनवाल्याशेजारी बसवा. तालमीला साथीदार मिळत नाही म्हणून नाटक एक वर्ष पुढे ढकलावं लागलेली मंडळं या भागात आहेत, आणि कुणी नवा वादक आला तर ती त्याला हातोहात उचलून घेतील.