मानवशास्त्र शिकायचंय? मग आधी जेवणं बघा

कुवेतमध्ये वाढलेली पुष्कळ मुलं विचारतात, "सांस्कृतिक मानवशास्त्र शिकायला कुठून सुरुवात करू?" त्यांना वाटतं, मी एखाद्या जाडजूड पुस्तकाचं नाव सांगेन. पुस्तकांकडे येऊच, पण सुरुवात त्याहून जवळ आहे.

या विषयाचं नाव काढलं की दूरच्या बेटांवरच्या जमाती आठवतात. ते अगदीच चूक नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्हस्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला, तिथली भाषा शिकला. लोकांमध्ये दीर्घकाळ राहून, त्यांच्या रोजच्या व्यवहारातून समाज समजून घ्यायची पद्धत त्यातून रुळली. पण ती वापरायला बेट लागत नाही. सालमिया किंवा अब्बासियाही चालतं.

तुमच्याच घरातले आकडे बघा. बाबा खाजगी कंपनीत असतील तर त्यांचा व्हिसा अठरा नंबरचा, तुमचा बावीस, आणि घरकामाला राहणाऱ्या ताईंचा वीस. ही सरकारने केलेली माणसांची वर्गवारी. मानवशास्त्राचा प्रश्न पुढचा असतो: हे आकडे रोजच्या जगण्यात काय करतात? कोण कुणाला 'सर' म्हणतं? कोण कुणाच्या घरी जेवायला जातं, आणि कोण कधीच जात नाही? आन्ह न्गा लोंग्वा या संशोधिकेने कुवेतमध्ये राहून असेच प्रश्न विचारले. 'वॉल्स बिल्ट ऑन सँड' हे तिचं पुस्तक १९९७ साली आलं. कफाला, म्हणजे प्रायोजकाची पद्धत, नुसता कायदा नसून नागरिक आणि परदेशी एकमेकांकडे कसं बघतात तेही घडवते, हे त्यातून कळतं.

दुसरं उदाहरण अतिया अहमद यांचं. कुवेतमध्ये घरकाम करणाऱ्या काही दक्षिण आशियाई स्त्रिया इस्लाम स्वीकारतात. का? एक तयार उत्तर आहे: मालकांचा दबाव, नाहीतर पैसा. दुसरंही तयार आहे: अचानक झालेला साक्षात्कार. २०१७च्या 'एव्हरीडे कन्व्हर्जन्स' या पुस्तकात त्या दोन्ही उत्तरं बाजूला ठेवतात. परक्या घरात स्वयंपाक करताना, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळताना, गप्पा मारताना हा बदल हळूहळू कसा होत गेला, आणि गावाकडची नाती तरीही कशी टिकली, हे त्या दाखवतात. तयार उत्तर हाताशी असतानाही थांबायचं आणि बघायचं, हे नवशिक्याने पहिल्यांदा शिकायचं.

आणि हे फक्त 'त्यांच्या'बद्दल नाही. आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचा मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा होता. कवट्यांच्या दोन बाजूंमधल्या फरकावरून वंशांमधला भेद दिसेल, अशी त्याची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा भेद दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. पण पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी स्वतःही जातींच्या अभ्यासासाठी माणसांची मापं घेतली. या शास्त्राचा इतिहास असा गुंतागुंतीचा आहे, तो माहीत असलेला बरा.

त्याच इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या, तेव्हा त्यांना एक गोष्ट बोचली. लोक एकत्र अभंग म्हणत होते, पण जेवायला जातीप्रमाणे वेगळे बसत होते. शाळेतल्या 'इंटरनॅशनल डे'ला पदार्थ आणि झेंडे दिसतात. माणसांमधलं अंतर मात्र कोण कुणाबरोबर जेवतं यात दिसतं.

म्हणून तुमचा पहिला अभ्यास हाच: आठवडाभर घरातलं एक जेवण बघा. कुणी शिजवलं, कुणी वाढलं, कोण आधी बसलं, कोण शेवटी, आणि कुठे. वहीत दोन रकाने करा. एकात फक्त दिसलं ते, दुसऱ्यात तुम्हाला वाटलं ते. "ताई स्वयंपाकघरात जेवल्या" हे पहिल्या रकान्यात. "त्यांना तिथेच आवडतं" हे दुसऱ्या. आपली बहुतेक मतं दुसऱ्या रकान्यातली असतात, हे दोन दिवसांतच लक्षात येईल.

एक पथ्य मात्र पाळा. ज्यांचा व्हिसा तुमच्याच घराला बांधलेला आहे, त्या तुमच्या प्रश्नाला सहज 'नाही' म्हणू शकत नाहीत. त्यांनी हसून दिलेलं 'हो' म्हणजे परवानगी, असं धरू नका. म्हणून वही त्यांच्यावर रोखू नका, आधी स्वतःबद्दल लिहा: आपण कधी उठलो, कुणाला पाणी आणायला सांगितलं, कुणाचं ताट उचललं नाही. शाळेचा प्रोजेक्ट असला तरी कुणाचं नाव लिहू नका.

हे जमलं, की लोंग्वा आणि अहमद वाचायला घ्या. तोवर विचारायला तुमच्याकडे तुमचे स्वतःचे प्रश्न असतील.