फुकटच्या हवेवर घार

भल्या सकाळी घार आभाळात उंच घिरट्या घालताना क्वचितच दिसते. ती उन्हाची वाट पाहत असते. ऊन चढले की डांबरी रस्ते, पत्रे, मोकळी मैदाने तापतात. त्यांच्यावरची हवा हलकी होऊन वर चढू लागते. या हवेच्या खांबात शिरून घार गोल फिरत राहते. ती स्वतः सतत थोडी खाली घसरतच असते, पण हवा त्याहून वेगाने वर जाते. म्हणून पंख न हलवताही तिची उंची वाढते. एक खांब विरला की घसरत दुसरा गाठायचा.

तिची घडणही त्याला साजेशी. पंखांचा पसारा सुमारे दीड मीटर, वजन मात्र सहसा किलोभरही नाही. पंखांच्या टोकाची पिसे फाकलेली असल्याने तिथे उठणारे हवेचे भोवरे कमजोर पडतात. मधोमध खाच असलेली शेपटी डावी-उजवीकडे पिळून ती दिशा बदलते. आभाळात घार ओळखायची खूण हीच.

पोटाचा हिशेबही तितकाच काटकसरीचा. उंदीर, सरडे, पावसाळ्यात उडणारी वाळवी ती पकडते. पण मासळी बाजार, खाटकाची दुकाने, कचरा डेपो असताना शिकारीची दगदग कशाला? उचललेला तुकडा ती उडता उडता पायातूनच खाते. दिल्लीतल्या अभ्यासांत, जिथे उघडा कचरा आणि मांसाचे तुकडे सहज मिळतात, तिथे घारींची घरटी दाट आढळली.

आपल्याकडच्या घारीचे वर्णन कर्नल साइक्सने 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांत केले. उपजातीचे नाव ‘गोविंदा’. हिवाळ्यात तिचे मध्य आशियाई भाऊबंदही हिमालय ओलांडून भारतात येतात.

घरट्यात काटक्यांबरोबर चिंध्या आणि प्लास्टिकही असते. स्पेनमधल्या दोन्याना इथल्या घारींवरचे संशोधन 2011 साली प्रसिद्ध झाले. ऐन भरातल्या, ताकदवान जोड्या घरट्यात पांढरे प्लास्टिक अधिक मांडतात, आणि ते पाहून इतर घारी तिथे घुसखोरी टाळतात, असे त्यात दिसले.

महाराष्ट्रात अंडी-पिल्लांचा हंगाम हिवाळ्यात असतो आणि त्यातच संक्रांत येते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. पंख कापलेल्या एका घारीमागे घरट्यातली दोन-तीन पिल्लेही उपाशी राहू शकतात. पतंग उडवायचाच, तर साध्या सुती दोऱ्याने उडवावा. आणि काटाकाटी संपल्यावर झाडांत अडकलेला दोरा काढून टाकावा.