मुलांना घरी कशाला ठेवायचं?

महिला मंडळात सामाजिक कामाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘करायचं तर खूप आहे गं, पण मुलं लहान आहेत. जरा मोठी होऊ देत, मग बघू.’ मुलं मोठी होतात तेव्हा दहावी-बारावी येते, क्लास येतात आणि मग ती शिकायला पुण्या-नाशिकला निघून जातात. आपल्याला वेळ मिळतो खरा, पण दुसऱ्यासाठी हात हलवायची सवय मुलांना लावायची राहूनच जाते. म्हणून मला वाटतं, मुलं कुणाकडे ठेवून कामाला जाण्यापेक्षा मुलांना घेऊन करता येईल असंच काम शोधावं.

असं काम कसं असतं, हे आपल्या खान्देशी बायकांना वेगळं सांगायला नको. थंडीत शेतात भरीत पार्टी असते, तेव्हा आपण आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांना नेतो. कुणी वांगी भाजतं, पोरं सालं काढतात, कुणी ठेचतं, आजी मिठाचा अंदाज सांगते. बिनकामाचा कुणी नसतो. गावचं कामही असंच वाटून घेता आलं पाहिजे.

पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं झाली. आपल्या भागातल्या अमळनेर, शिंदखेडा अशा तालुक्यांतली गावंही तीत उतरली होती. एप्रिलमध्ये सुरू होऊन सुमारे ४५ दिवस श्रमदान चालायचं, म्हणजे मुलांच्या परीक्षा उरकता उरकता आणि सुट्टीत. उतारावर समपातळी चर खोदायचे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता जमिनीत मुरतं. खोदायला मोठी माणसं लागतात, पण घमेली पुढे द्यायला साखळी लागते, छोटे दगड उचलायला लहान हात चालतात. पाऊस पडल्यावर चर भरलेला दिसला, की ‘हा आपण केला’ हे पोराला कळतं. त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

स्पर्धा संपली, तरी हे काम संपत नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाभोवतीचं जंगल राखायला घेतलं. आज तिथे सुमारे ४०० हेक्टर जंगल गावानं सांभाळलं आहे. २०२५ मध्ये पवारांना ‘पद्मश्री’ मिळाली. मला जास्त आवडते ती तिथली वनभाज्यांची पाककला स्पर्धा. २००४ पासून गावातल्या बाया रानभाज्या रांधून आणतात. कुठली भाजी कुठे उगवते, कुठली खायची, कुठली नाही, हे आई-आजीबरोबर रानात गेल्याशिवाय मुलांना कसं कळणार? जंगल राखणं आणि मुलं घडवणं, दोन्ही एकाच फेरीत होतं.

मुलं ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतात. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांचं पसरलेलं सामान ते न बोलता आवरून ठेवायचे. मग मुलांनाच लाज वाटून ती आवरू लागायची.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. काम निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. ते घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे का? घरातल्या सर्वांत लहान पोरालाही त्यात खरंखुरं काही करता येईल का? आणि ते दर आठवड्याला जमेल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर तेच काम तुमचं.

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो. कोपऱ्यावर पाणपोई लावा. सकाळी आठच्या आत माठ घासायचे, भरायचे, ओलं फडकं गुंडाळायचं, पक्ष्यांची मातीची भांडी भरायची. हे सहा वर्षांचं पोरही करतं. दुपारच्या उन्हात मात्र मुलांना उभं करू नका. उन्हाळ्यातच चिंच-कडुनिंबाच्या बिया गोळा करून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं करा. लावलेल्या रोपाला पुढची दोन वर्षं पाणी घालायचं काम त्याच घराकडे द्या. शाळा संपली, की जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, शिवून कच्च्या वह्या करा. गणपतीत विसर्जनाच्या जागी निर्माल्य वेगळं गोळा करा. जळगावला मेहरूण तलाव आहे, धुळ्याला पांझरा आहे. मुलं सोबत असली, की पिशवीसकट पाण्यात टाकणारा माणूसही जरा थबकतो.

रक्तदान शिबिरात अठरा वर्षांखालच्या मुलांना रक्त देता येत नाही, पण बिस्किटं वाटता येतात, नावं लिहिता येतात. गल्लीतल्या एकट्या आजोबांना रोज पेपर वाचून दाखवणं, हेही समाजकार्यच. आजोबांची करमणूक होते आणि इंग्रजी शाळेतल्या पोराचं मराठी सुधारतं.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. वाढदिवसाला बालगृहात केक नेऊन तिथल्या मुलांना टाळ्या वाजवायला लावायच्या आणि फोटो काढायचे, हे मनाला पटत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख जाहीर करायला मनाईही आहे. त्यापेक्षा संस्थेला आधी विचारा, ‘तुम्हाला काय हवंय?’ त्यांना वर्षातून एकदा केक नको असेल. दर रविवारी गणित शिकवणारं, सोबत कॅरम खेळणारं कुणीतरी हवं असेल. तेव्हा आपली मुलं देणारी नसतात, खेळगडी असतात.

आणि घरच्या पुरुषांनाही सोडू नका हं. ‘तुमचं मंडळ, तुम्ही बघा,’ असं म्हणून बाबा पेपर घेऊन बसले, तर मुलगाही उद्या तेच करेल. माठ उचलायला त्यांनाच बोलवा.

फार मोठं काही लगेच मनात आणू नका. येत्या रविवारी एक तास, घरातले सगळे, एकच काम. पुढच्या रविवारी शेजारचं घर जोडा. मुलं मोठी होण्याची वाट बघू नका. काम करता करता ती मोठी होतील.