तुझ्या गावात स्मशानं किती?

होस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि कुठल्या तरी खोलीत चोरून इंडक्शन सुरू होतं. आमच्या मजल्यावर ते माझ्याच खोलीत सुरू व्हायचं. माझा रूममेट मणिपूरमधल्या चुराचांदपूरचा. वरच्या मजल्यावर इम्फाळचा एक मुलगा राहायचा. दोघं मिळून उकडलेल्या भाज्यांत आंबवलेली मासळी आणि भरपूर मिरची कुस्करायचे. वास अख्ख्या कॉरिडॉरभर. 'आला रे चायनाचा डबा,' असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. सगळे म्हणजे मीसुद्धा. त्या वासाची लेखी तक्रार रेक्टरांकडे गेली तेव्हा त्यावर माझीही सही होती. रूममेटला मी ते सांगितलं नाही.

मोमो, चिंकी, नेपाळी. आम्हाला ते दोघं सारखेच दिसायचे, म्हणून एकाच्या नावाने दुसऱ्याला हाक मारायचो. तुमच्या कॉलेजातही असा एखादा 'मोमो' असेलच. त्याचं खरं नाव पटकन आठवतं का, बघा बरं.

मग ३ मे २०२३ उजाडला. आमच्या परीक्षा तोंडावर होत्या. मणिपूरमध्ये मैतेई समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा अशी मागणी होती आणि तिच्या विरोधात डोंगराळ जिल्ह्यांत त्या दिवशी मोर्चे निघाले. त्याच दिवशी हिंसाचार पेटला. इम्फाळच्या खोऱ्यात मुख्यतः मैतेई राहतात, भोवतालच्या डोंगरांत कुकी-झो आणि नागा. बघता बघता खोऱ्यातले कुकी डोंगरांकडे पळाले, डोंगरांतले मैतेई खोऱ्याकडे. पुढच्या काळात दोनशेहून जास्त माणसं मेली, सुमारे ६० हजार लोक बेघर झाले. इम्फाळ ते चुराचांदपूर अंतर साधारण ६० किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-लोणावळा. पण ते ओलांडणं दोन्हीकडच्या माणसांसाठी जिवावरचं झालं.

माझा रूममेट कुकी आणि वरचा मुलगा मैतेई, हे आम्हाला तेव्हा कळलं. वर्षभर एका मेसमध्ये जेवूनही कुणी विचारलं नव्हतं. तिकडचं इंटरनेट बंद होतं. रूममेट रात्र रात्र घरी फोन लावत बसायचा. वर तो दुसराही तेच करत असणार. जिन्यात समोरासमोर आले की दोघंही मोबाइलमध्ये बघायचे.

रविवारचा तो वास बंद झाला. आता कुणाची तक्रार नव्हती.

एका रात्री मी शहाणपणा केला. म्हटलं, 'अरे, तुम्ही एकाच राज्याचे. दिसायला सारखे, जेवण सारखं. मग भांडता कशाला?'

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'दिवाळीला तुझ्या गावी आलो होतो ना मी? तुझ्या गावात स्मशानं किती आहेत?'

दोन. एक ओढ्याच्या अलीकडे, शेड आणि बाकडी असलेलं. दुसरं पलीकडे, उघड्यावर. सकाळी फिरायला गेला तेव्हा त्याने माझ्या चुलतभावाला विचारलं होतं आणि भावाने सहज उत्तर दिलं होतं, 'ते त्यांचं.'

'तुम्हीही दिसायला सारखे,' तो म्हणाला. 'भाषा तीच, भाकरी तीच. मग मेल्यावर मध्ये ओढा कशाला लागतो?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा वर्षं त्या ओढ्यावरून शाळेत गेलो, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. दुसऱ्यांच्यातली रेघ आपल्याला वेडेपणा वाटते. आपली रेघ मात्र आपल्याला दिसतही नाही. ती 'पद्धत' असते.

ही रेघ ओढायला किती मोठा फरक लागतो? सायकॉलॉजीवाल्यांनी हेन्री ताजफेलचं नाव वाचलं असेल. १९७० च्या सुमारास त्याने ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या अंदाजाने सांगायची. मग मुलांना सांगितलं, तुम्ही जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटात, तुम्ही कमीवाल्यांच्या. खरं तर ही वाटणी वाटेल तशी केली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला दिल्यावर मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, अशाच पुढच्या प्रयोगात आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही कल दिसला. आधीचं वैर नाही, इतिहास नाही. नुसते ठिपके.

आता ठिपक्यांच्या जागी सरकारी कागद ठेवा. रवांडात हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलायचे, त्याच टेकड्यांवर शेजारी राहायचे. फरक आधीही होता, पण बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात तो प्रत्येकाच्या ओळखपत्रावर छापला. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर नाके लागले. तिथे ते कार्ड मागितलं जायचं आणि त्यावर 'तुत्सी' लिहिलेलं असलं की बहुतेकदा तिथेच सगळं संपायचं. साधारण शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्याच्या आधी रेडिओवरून तुत्सींना झुरळ म्हणणं सुरू झालं होतं. तेव्हाही कुणीतरी ऐकून हसलं असेल, आमच्या कॉरिडॉरमध्ये हसायचे तसंच.

तुम्ही म्हणाल, चायनाचा डबा कुठे आणि रवांडा कुठे! बरोबर आहे. प्रत्येक विनोदातून दंगल होत नाही. मणिपूरमध्ये जमीन, नोकऱ्या, सत्ता हे प्रश्नही खरे आहेत, ते कुणाच्या विनोदाने निर्माण झालेले नाहीत. पण भांडण पेटतं तेव्हा समोरच्याला 'त्यातला एक' म्हणून बघायची सवय आधीच लागलेली असते. मग एक अफवा पुरते. मे २०२३ मध्ये दिल्लीकडच्या एका वेगळ्याच खुनातल्या तरुणीचा फोटो मणिपूरमधल्या अत्याचाराचा म्हणून फिरला आणि त्याने आगीत तेल ओतलं. ऑगस्ट २०१२ मध्ये तर आपल्या पुण्यातून आणि बंगळुरूमधून ईशान्येची हजारो मुलं घाबरून गाड्या पकडून घरी गेली. आसाममधल्या हिंसाचाराचा सूड म्हणून तुमच्यावर हल्ले होणार, असे मेसेज फिरत होते. शेवटी सरकारला बल्क एसएमएसवर बंदी घालावी लागली. फॉरवर्ड करणारे सगळेच काही दंगलखोर नव्हते. आपल्यासारखेच होते, हातात फोन असलेले.

आपल्याकडे ओळखपत्रही लागत नाही. 'पूर्ण नाव काय?' एवढा प्रश्न पुरतो. नुसतं नाव सांगणाऱ्याला आपण पुन्हा विचारतो, 'नाही, आडनाव?' आडनाव कळलं की आवाज किंचित बदलतो. कधी मोकळा होतो, कधी सावध. पुढच्या वेळी हा प्रश्न विचाराल तेव्हा स्वतःचा आवाज ऐकून बघा. मी ऐकला. लाज वाटली.

मी काही फार मोठं केलं नाही. 'मोमो'ला हसणं बंद केलं आणि दुसरं कुणी हसलं तर 'नाव आहे त्याला' एवढं म्हणायला लागलो. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली, कारण समोर माझेच मित्र होते. गावी ओढ्याचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, 'शिकायला पाठवलं तर हे शिकून आलास?' विषय तिथेच थांबला, पण यंदा पुन्हा काढणार आहे.

त्या दोघांचं काय झालं? ऑगस्टमध्ये रूममेटला डेंग्यू झाला. रात्री दोन वाजता बाइक फक्त वरच्याकडे होती. मी दार वाजवलं. काही न बोलता त्याने किल्ली घेतली. आम्ही तिघं एका बाइकवरून दवाखान्यात गेलो. वेटिंगमध्ये दोघं मैतेई भाषेत दोन-चार वाक्यं बोलले. मला काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मैत्री पुन्हा पूर्वीसारखी जुळली, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही.

होस्टेल सोडताना मी रूममेटला त्या तक्रारीवरच्या सहीबद्दल सांगितलं. तो बॅग भरत होता. वर न बघताच म्हणाला, 'माहीत आहे. रेक्टरांनी कागद दाखवला होता मला. दिवाळीला तुझ्या घरी आलो, त्याच्या आधीच.'