मापांचे ठोकळे

एका रायफलीचा भाग दुसरीत बिनचूक बसावयाचा, तर माप तंतोतंत एकच असले पाहिजे. पूर्वी प्रत्येक मापाकरिता स्वतंत्र ठोकळा घडवावा लागे. स्वीडनमधील एस्किल्स्टूना येथील रायफल-कारखान्यातील कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी इ. स. १८९६ मध्ये यावर तोड काढली. निवडक जाडीचे १०२ पोलादी ठोकळे निरनिराळ्या प्रकारे जोडून सुमारे २०,००० मापे सिद्ध करता येऊ लागली. त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट असतात की, एकमेकांवर दाबून सरकविताच ते घट्ट चिकटतात. परंतु हाताची ऊबही येथे चूक घडविते. १०० मिलिमीटरचा ठोकळा एक अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे एक-सहस्रांश मिलिमीटर वाढतो. म्हणून मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरविले आहे. तापमान ठाऊक नसेल, तर सूक्ष्म मापावर विसंबता येत नाही.