सॅक पाठीच्या मापाची

ट्रेकहून घरी आल्यावर खांद्यांवर लाल वळ उठलेले असतात, मान आखडलेली असते आणि दोन दिवस हात वर करवत नाहीत. अशा वेळी बहुतेक मुली एकच निष्कर्ष काढतात: आपल्याला वजन झेपत नाही. पुढच्या वेळी त्या मुक्कामाचा ट्रेक टाळतात आणि मग हळूहळू यायच्याच बंद होतात. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर असते भावाची, नवऱ्याची नाहीतर ग्रुपमधून मागून आणलेली सॅक, म्हणजे एखाद्या उंच पुरुषाच्या पाठीला बेतलेली. ताकद कुठेच कमी पडलेली नसते, वजन भलत्या जागी बसलेलं असतं. सॅकबद्दलचे काही समज इतके पक्के रुजलेत की ग्रुपमधले जुनेजाणतेही तेच सांगतात. म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

“वजन खांद्यांनीच पेलायचं असतं”

सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. शाळेच्या दप्तरापासून आपल्याला खांद्यांवर ओझं घ्यायची सवय लागलेली असते. ट्रेकिंगच्या मोठ्या सॅकचं काम मात्र वेगळ्या तऱ्हेने चालतं. तिच्या पाठीकडच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा चौकट असते. ही चौकट सामानाचं वजन खाली हिप बेल्टकडे नेते आणि बेल्ट ते कमरेच्या हाडांवर देतो. सॅक नीट बसली असेल तर साधारण ७० ते ८० टक्के भार कमरेच्या हाडांवरून पायांकडे जातो. खांद्यांनी सॅक मागे कलू न देता फक्त धरून ठेवायची असते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. चौकटी ते जोडत आणि पिशव्या त्यांची पत्नी नेना घरच्या शिलाई यंत्रावर शिवत. वजन खांद्यांवरून कमरेवर आणण्याचा विचार त्या सॅकमुळे लोकांपर्यंत पोचला. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी चौकट सॅकच्या आत घेतली आणि आज आपण वापरतो तो आकार तिथून आला. इतकी वर्षं उलटूनही आपल्याकडे अर्ध्याअधिक सॅकचे हिप बेल्ट दोन्ही बाजूंना मोकळे लोंबताना दिसतात.

बेल्ट बांधला तरी तो जागेवर असतोच असं नाही. कमरेवर हात ठेवून बोटांनी बाजूला दाबून पाहा, हाडाची एक गोल कड हाताला लागेल. बेल्टच्या गादीचा मधला भाग नेमका त्या कडेवर यायला हवा, वरची किनार कडेच्या दोनेक सेंटीमीटर वर. बऱ्याच जणी तो बेंबीच्या उंचीला आवळतात. तिथे टेकायला हाडच नसतं, त्यामुळे पोट दाबलं जातं, श्वास अपुरा पडतो आणि भार पुन्हा खांद्यांवरच राहतो. बेल्ट फार खाली गेला तर चढताना मांडी वर उचलत नाही. बक्कल लावल्यावर दोन्ही गाद्यांच्या टोकांमध्ये चार-पाच बोटं अंतर राहायला हवं. गाद्या एकमेकींना भिडत असतील तर तो बेल्ट तुमच्या कमरेला मोठा आहे, कितीही ओढला तरी घट्ट बसणार नाही. बारीक अंगाच्या मुलींना पुरुषांच्या सॅकमध्ये हाच त्रास होतो.

बेल्टखाली काय येतंय तेही बघा. सलवारीच्या नाडीची गाठ, जीन्सचा चामड्याचा पट्टा, कुर्त्याची जाड चुणी, यातली कुठलीही गोष्ट पाच तासांत कातडी सोलून काढते. नाडीची गाठ बेल्टच्या वर किंवा खाली सरकवून घ्या, पट्टा घालूच नका. ब्राच्या खांद्यावरच्या पट्टीला असलेली प्लास्टिकची कडी सॅकच्या पट्ट्याखाली आली की तीही अशीच रुतते. कडी नसलेली स्पोर्ट्स ब्रा घातली की हा प्रश्न मिटतो. या गोष्टी कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून नव्या मुली त्या जखमा होऊनच शिकतात.

“माझी उंची पाच फूट चार, म्हणजे मला मीडियम”

सॅकच्या मापाचा उंचीशी संबंध फार थोडा. माप असतं पाठीच्या लांबीचं. सारख्या उंचीच्या दोन मैत्रिणी शेजारी बसल्या की एकीचं डोकं वर दिसतं, कारण तिची उंची पाठीत असते आणि दुसरीची पायांत. दोघींना एकच सॅक बसणार नाही.

माप घरीच घेता येतं, फक्त दुसरं माणूस आणि शिवणकामाची टेप हवी. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी एक मणका ठळक वर येतो, तिथे टेपचं टोक धरायचं. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या कडांवर ठेवून अंगठे मागे वळवायचे. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ कण्याला जिथे छेदते तिथपर्यंत टेप कण्याच्या वळणाला चिकटवून खाली न्यायची. येतील ते सेंटीमीटर म्हणजे तुमचं माप. ते ४० असेल आणि सॅक ४८ ची असेल तर मग गादी कितीही मऊ असो, ती सॅक तुम्हाला छळणारच. बेल्ट जागेवर ठेवलात तर पट्टे खांद्यावरून वर उचलले जातात. पट्टे ओढून घट्ट केलेत तर बेल्ट घसरून बसायच्या हाडांकडे जातो.

काही सॅकमध्ये पाठीची लांबी कमी-जास्त करता येते. खांद्याचे पट्टे जिथे जोडलेले असतात तो भाग वेल्क्रोवर किंवा शिडीसारख्या खाचांमध्ये वर-खाली सरकतो. कॉलेजला जाणारी मुलगी असेल किंवा घरात दोघी-तिघींनी मिळून एकच सॅक वापरायची असेल तर चार पैसे जास्त पडले तरी अशीच घ्यावी.

“लेडीज सॅक म्हणजे तीच सॅक, गुलाबी रंगात”

काही सॅकच्या बाबतीत खरोखरच रंगापलीकडे फरक नसतो, त्यामुळे हा समज अगदी निराधार नाही. पण विचारपूर्वक बनवलेल्या स्त्रियांच्या सॅकमध्ये तीन गोष्टी वेगळ्या असतात. पाठीची लांबी कमी मापापासून सुरू होते. खांद्याचे पट्टे अरुंद, एकमेकांच्या जवळ आणि छातीच्या बाजूने वळण घेऊन जाणारे असतात, म्हणजे ते स्तनांवर दाबत नाहीत आणि काखेत काचत नाहीत. हिप बेल्टही सरळ पट्टीसारखा नसून खालच्या बाजूला फाकलेला असतो, कारण बहुतेक स्त्रियांची कंबर निमुळती आणि नितंब रुंद असतात.

यातला “बहुतेक” हा शब्द मी जपून वापरते आहे. उंच, रुंद खांद्यांच्या मुलीला पुरुषांची सॅक छान बसू शकते आणि ठेंगण्या पुरुषाला स्त्रियांची. लेबल वाचून निवडू नका, अंगावर चढवून निवडा.

छातीवरच्या आडव्या पट्ट्याचंही तसंच. तो वर-खाली सरकणारा असावा आणि गळ्याच्या हाडांच्या दोन-तीन बोटं खाली, स्तनांच्या वर बसावा. खांद्याचे पट्टे बाहेर घसरू नयेत एवढंच त्याचं काम, तो आवळला की दम लवकर लागतो. त्याच्या बकलेला बऱ्याच सॅकमध्ये शिट्टी असते, ती कुठे आहे हे घरीच पाहून ठेवा.

“बायकांना वजन झेपतच नाही”

१९८६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत केनियातल्या लुओ आणि किकुयु स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्यावरून किंवा कपाळपट्टीने पाठीवर ओझं वाहणाऱ्या या स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं जास्तीची ऊर्जा न खर्चता नेत होत्या. त्यामागे लहानपणापासूनचा सराव आणि चालण्याची विशिष्ट ढब होती. ते दोन दिवसांत आपल्याला जमणार नाही, पण ओझं वाहणं बाईच्या शरीराला परकं आहे हा समज तिथे टिकत नाही. सह्याद्रीत गडावर मुक्काम केलेल्या कुणीही पायथ्याच्या गावातल्या बायका हंडे, भारे घेऊन चढताना पाहिलेल्या असतात.

खरा प्रश्न वाटपाचा आहे. ग्रुपमध्ये शिधा, भांडी, तंबू सगळ्यांना सारखं वाटलं जातं आणि तेच न्याय्य मानलं जातं. ५० किलोच्या मुलीच्या आणि ७५ किलोच्या मुलाच्या पाठीवर १२-१२ किलो दिले, तर तिने स्वतःच्या वजनाच्या २४ टक्के उचलले आणि त्याने १६ टक्के. मुक्कामाच्या सॅकसाठी शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने तिच्या वाट्याला १० किलोच यायला हवेत, त्यातही सॅकचं स्वतःचं दीड-दोन किलो आणि तीन लिटर पाण्याचे तीन किलो धरून. उन्हाळ्यात गडावरची टाकी आटलेली असताना पाणी कमी करता येत नाही. मग भांडी कमी करा, शिधा पुन्हा वाटा. मुलींनी हे मागायला लाजू नये, यात सवलत कसली नाही.

“सवय झाली की दुखायचं थांबतं”

मांड्या-पोटऱ्यांचं दुखणं सरावाने कमी होतं. पण हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, खांद्यातून जोर गेल्यासारखं वाटणं ही वेगळी गोष्ट आहे. मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं खांद्याच्या पट्ट्याखाली दाबलं गेलं की असं होतं. सैनिक आणि गिर्यारोहकांमध्ये हा विकार वैद्यकाला चांगला ठाऊक आहे, आणि हिप बेल्ट वापरल्याने त्याचा धोका कमी होतो. मुंग्या आल्या की तिथेच थांबा, सॅक उतरवा, भार कमरेवर घ्या. घरी आल्यावरही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

“गादी जाड तितकी सॅक आरामाची”

अंगठ्याने दाबल्यावर सहज चपटी होणारी गादी दहा किलोखाली कागदासारखी होते. थोडी टणक, दाबून परत वर येणारी गादी घ्या.

“मोठीच घ्यावी, हिमालयातही चालेल”

एका मुक्कामासाठी, राजगड किंवा हरिश्चंद्रगडासाठी, ४० ते ५० लिटर पुरतात. ६५ लिटरची सॅक घेतली की ती अर्धी रिकामी राहून मागे हेलकावे खाते, नाहीतर नको ते सामान घेऊन भरली जाते. शिवाय ती डोक्याच्या वर जाते. कारवीच्या रानातून वाकून जाताना, रतनगडाच्या शिडीवर किंवा कातळातल्या अरुंद नाळेत वर आलेलं टोक अडकतं आणि तोल जातो. केसांचा अंबाडा असेल तर सॅकचं टोपण त्याला मागून ढकलत राहतं, मान वर करून पुढची वाट बघता येत नाही. वेणी घालून ती पुढे घेणं किंवा कपड्याच्या आत सोडणं बरं.

भरताना जड सामान अगदी तळाशी घालू नये आणि बाहेरच्या कप्प्यात तर नकोच. स्लीपिंग बॅग तळाला, पाणी, शिधा, स्टोव्ह मध्यभागी पाठीला चिकटून, हलके कपडे त्यांच्या भोवती आणि वर. रॉक पॅच किंवा घसारा असलेल्या वाटेवर जड वस्तू थोड्या आणखी खाली ठेवल्या तर तोल सांभाळायला सोपं जातं. रेन कव्हरवर विसंबू नका, कारण जुलैतला पाऊस पाठीवरून वाहत आत शिरतो. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आतून अस्तरासारखी लावून तिच्यात सामान भरलं तरच रात्री कोरडे कपडे मिळतात.

“दुकानात घालून बघितली, छान वाटली”

रिकामी सॅक सगळ्यांनाच छान वाटते. दुकानात आठ किलो वजन भरून मागा. काही दुकानांत त्यासाठी वाळूच्या पिशव्या असतात, नसतील तर दोरांची वेटोळी, पाण्याच्या बाटल्या, जे मिळेल ते भरा. आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करा. सॅक चढवा, खांदे किंचित उचला, हिप बेल्ट हाडाच्या कडेवर आणून बक्कल लावा आणि ओढा. मग खांद्याचे पट्टे, पण ते नुसते टेकेपर्यंत. नंतर खांद्यावरून सॅककडे तिरपे वर जाणारे दोन छोटे पट्टे हलकेच ओढा. ते साधारण ३० ते ४५ अंशांत वर चढताना दिसायला हवेत. ते आडवे किंवा खाली उतरताना दिसले तर बहुधा ती सॅक तुमच्या पाठीला आखूड आहे. शेवटी छातीचा पट्टा. आता वाका, उकिडवं बसा, जिना असेल तर चढा-उतरा, वीस मिनिटं दुकानात फिरा. विक्रेता कंटाळला तरी फिरा. शेवटी दोन्ही पट्ट्यांखाली खांद्यावर बोट सरकवून बघा. बोट सहज आत गेलं आणि वजन कमरेवर जाणवलं तर सॅक जमली.

ऑनलाइन घ्यायचीच असेल तर टेपने घेतलेलं माप आणि सॅकच्या वर्णनातली पाठीची लांबी ताडून बघा, आणि परत करण्याची मुदत असेपर्यंत घरातल्या घरात हीच परीक्षा घ्या, लेबल न काढता. दुसऱ्याची सॅक घेऊन जायची वेळ आलीच तर निदान आदल्या संध्याकाळी ती आणा. पाठीची लांबी बदलता येते का ते बघा, बेल्ट कमरेला पुरतो का ते बघा. दोन्ही जमत नसेल तर तिच्यात पाच-सहा किलोंपेक्षा जास्त भरू नका आणि बाकीचं सामान ग्रुपमध्ये वाटून द्या.