जुनी उघड्या टपाची गाडी दारात आली, तर हात लावण्याआधी हे वाचा



वॉशिंग सेंटरवरच्या व्हिडिओत आपण जागा, पंप, पाणी आणि रोजच्या गल्ल्याचा हिशोब पाहिला. आज त्याच धंद्याची पुढची पायरी बघू, म्हणजे डिटेलिंग. उदाहरण मुद्दाम अवघड घेतलंय: उघड्या टपाची, जुनी, पण मालकाने जिवापाड जपलेली गाडी. हे काम नीट जमलं की बाकीच्या गाड्या सोप्या वाटतील.

समजा, तुमचं सेंटर लाखांदूरला साकोली-वडसा रस्त्यावर आहे. रोज ट्रॅक्टर, बोलेरो, मोटारसायकली येतात. एक दिवस पुण्या-नागपुरात नोकरी करणारा गावचा कुणी दिवाळीला येतो आणि सॅन स्टॉर्म घेऊन तुमच्यासमोर उभा राहतो. म्हणतो, "भाऊ, चकाचक करून द्या."

सॅन स्टॉर्म म्हणजे गोव्यात तयार झालेली दोन सीटची, उघडणाऱ्या हूडची छोटी स्पोर्ट्स कार. रेनोचं १.२ लिटरचं इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. फार थोड्या बनल्या, आणि बनणं बंद होऊनही आता बराच काळ झाला. एखादा पार्ट खराब झाला तर तो वडसा किंवा साकोलीच्या दुकानात मिळणार नाही. अशी गाडी तुमच्या हाताखाली आहे. आता काय कराल?

"आमच्याकडे अशी गाडी येतेच कुठे?"

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. स्पोर्ट्स कार वर्षातून एखादी येईल, कदाचित येणारही नाही. पण आजूबाजूला बघा. नवेगाव-नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या सफारीला उघड्या जिप्सी धावतात. मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली, आज सामान्य ग्राहकाला ती नवी मिळत नाही. त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या जिप्सीचा मालक तिला जपतो. जुनी महिंद्राची एमएम ५४० एखाद्या घरी अजून उभी असते. सॉफ्ट टॉपची थार आहे. लग्नसराईत नवरदेवाची वरात काढायला सजवलेली उघडी जीप आहे.

या सगळ्या गाड्यांचं दुखणं सारखंच: कापडी किंवा रेक्झीनचं हूड, आत शिरणारं पाणी, उन्हाने करपलेलं रबर आणि जुना रंग. एक काम शिकलात की चार प्रकारचे ग्राहक मिळतात.

मूळ गोष्ट: चमक विकू नका, जपणूक विका

गाडीच्या रंगाचा थर किती जाड असतो? कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद अंदाजे १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे प्रायमरपासून वरच्या पारदर्शक लॅकरपर्यंत सगळं मिळून एक-दीड कागद! त्यातलं वरचं लॅकर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा कागद.

रबिंग-पॉलिश म्हणजे काय? ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग घासून ओरखड्याच्या पातळीला आणणं. चमक येते, पण थर कमी होतो आणि तो परत येत नाही. जुन्या गाडीवर आधी किती वेळा रबिंग झालंय, हे तुम्हाला माहीत नसतं. मालकाने वीस-पंचवीस वर्षं राखलेला रंग तुम्ही अर्ध्या तासात संपवू शकता.

म्हणून नियम एकच: कमीत कमी काढा, जास्तीत जास्त जपा. पुढचं सगळं याच नियमातून येतं.

पायरी १: आधी तपासणी, मग पाण्याचा पाइप

गाडी आत घेताच धुवायला लागू नका. मालकासमोर एक तास द्या.

- चारही बाजूंचे, हूडचे, मागच्या काचेचे, सीटचे फोटो काढा. आधीचे ओरखडे कागदावर लिहा आणि मालकाची सही घ्या.
- रंग कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा. लपलेल्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हळूच घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर वेगळं लॅकर नाही किंवा ते तिथे संपलंय. अशा गाडीवर मशिन लावायची घाई नको.
- रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेतलं असेल, तर एक लक्षात ठेवा: नेहमीचं यंत्र पत्र्यावर चालतं, फायबरग्लासवर नाही. जिप्सीवर आकडा मिळेल, स्टॉर्मवर मिळणार नाही. जिथे मोजता येत नाही, तिथे घासायचंही नाही.
- फायबरच्या बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर त्या ओरखडे नसून तडे असतात. पॉलिशने जात नाहीत. मालकाला आधीच सांगा.

पायरी २: धुलाई, आपल्या भागाच्या धुळीला ओळखून

आपला भाग धानाचा. कापणी-मळणीच्या दिवसांत आणि राइस मिलच्या आसपास तूस आणि त्याची धूळ हवेत असते. धानाच्या तुसात १५ ते २० टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊ. ही धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. बॉनेटवर गोल-गोल जाळी दिसते ना उन्हात? ती अशीच येते.

क्रम असा ठेवा. सावलीत, बॉनेट थंड असताना, आधी कमी दाबाच्या पाण्याने धूळ उतरवा. मग फोम मारून पाच मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक वेळी हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळा, मगच शाम्पूत बुडवा. वरून खाली या. चाकांचा मोजा वेगळा. कपडे धुण्याची पावडर आणि भांड्याचा साबण या गाडीच्या जवळही आणू नका, आधीचं वॅक्स निघून जातं.

बोरिंगचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात. उपाय स्वस्त आहे: शेवटचं पाणी २० लिटरच्या आरओच्या जारमधून मारा आणि लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. घासायचं नाही, टिपायचं.

पायरी ३: हूड, म्हणजे या गाडीचा जीव

पंपाचा जोरदार फवारा हूडवर मारू नका. शिवण उसवते, कडेच्या रबरातून पाणी आत जातं.

*कापडी हूड:* कोरडं असताना मऊ ब्रशने धूळ झाडा. सौम्य, न्यूट्रल पीएचचा शाम्पू घेऊन विणीच्या दिशेने हलक्या हाताने ब्रश करा. भरपूर पाण्याने साबण काढा, नाहीतर उरलेला साबण धूळ धरतो. मग रात्रभर पूर्ण सुकू द्या, आणि दुसऱ्या दिवशी कापडासाठीचं पाणी-रोधक मारा.

*रेक्झीनचं हूड:* सौम्य क्लीनर, मऊ ब्रश आणि शेवटी उन्हापासून वाचवणारं ड्रेसिंग. डॅशबोर्डवर मारतो ते तेलकट पॉलिश नको. धूळ चिकटते आणि पाऊस आला की ओघळ रंगावर उतरतात.

*मागची प्लास्टिकची काच:* काचेसाठीचा अमोनियावाला स्प्रे इथे चालत नाही, प्लास्टिक धुरकट होतं. आधी पाणी, मग ओलं मायक्रोफायबर, एकाच दिशेने. हूड दुमडताना प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये मऊ कापड ठेवायला मालकाला सांगा. पौषातल्या थंड सकाळी प्लास्टिक कडक असतं, तेव्हा दुमडू नये. थोडं ऊन लागू द्यावं.

आणि एक पक्का नियम: ओलं हूड कधीही दुमडायचं नाही. बुरशी, वास आणि काळे ठिपके तिथूनच सुरू होतात.

पायरी ४: जे दिसत नाही ते

उघडणाऱ्या हूडच्या अनेक गाड्यांत हूडच्या कडेला पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. कडुनिंबाची पानं आणि माती अडकली की त्या तुंबतात. मग पावसाचं पाणी खाली न जाता सीटखाली साचतं, चटई कुजते, पत्रा गंजतो.

लोट्याने थोडं पाणी ओता आणि गाडीखाली दोन्ही बाजूंनी बाहेर येतंय का बघा. नाही आलं, तर जाड, मऊ नायलॉनची दोरी हळूच सरकवा. तार नको, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही नको, आतला जोड सुटू शकतो. जिप्सी आणि जीपमध्ये चटई उचलून खालचा पत्रा आणि पाणी सोडायची भोकं तपासा.

दारांच्या रबराला सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा, पातळ. "खालून डिझेल मारून द्या," असं काही ग्राहक सवयीने म्हणतात. नम्रपणे नाही म्हणा. डिझेलने रबरी बुश फुगतात, वर चिकट थर बसतो आणि त्यावर आणखी माती बसते.

पायरी ५: रंगाला संरक्षण

आता कुठे रंगाकडे वळायचं. फूटभर जागा निवडा. सगळ्यात सौम्य पॉलिश, सगळ्यात मऊ पॅड, आधी हाताने. समाधानकारक वाटलं तर तिथेच थांबा. खोल ओरखडा राहिला तर राहू द्या. त्या गाडीचं वय आहे ते. कडा आणि उंचवट्याच्या रेषांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे टेप लावा.

वर सीलंट किंवा वॅक्स. "सिरॅमिक का नको?" असं विचाराल. सिरॅमिक चांगलं आहे, पण लावण्याआधी रंग बराच घासावा लागतो, लावताना धूळमुक्त बंद जागा लागते, आणि चुकलं तर काढायला पुन्हा घासावंच लागतं. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये ते करू नका. वॅक्स काही महिन्यांनी उतरतं, पण रंगाला धक्का लागत नाही. शिवाय ग्राहक दर दिवाळीला आणि पावसाळ्याआधी परत येतो!

आता हिशोब

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला.

- तपासणी व फोटो १ तास, धुणं-सुकवणं ३, हूड ३, नळ्या व रबर १, रंग ४, आतली सफाई २. एकूण १४ तास.
- तासाला १५० रुपयांनी मजुरी: २१०० रुपये
- साहित्य: ९०० रुपये
- भाडं, वीज, यंत्रांची झीज: ५०० रुपये
- एकूण खर्च: ३५०० रुपये
- त्यावर ४० टक्के नफा, १४०० रुपये. ग्राहकाला भाव: ४९०० रुपये

ग्राहक म्हणेल, "शेजारी दीड हजारात रबिंग-पॉलिश करून देतात." भांडू नका, भाव पाडूही नका. झेरॉक्सचा एक कागद त्याच्या हातात द्या आणि सांगा, "तुमच्या गाडीचा सगळा रंग एवढाच आहे. तो घासायचा माझा भाव नाही, राखायचा आहे." ज्याने गाडी जपलीय, त्याला हे लगेच कळतं. ज्याला कळत नाही, तो या कामाचा ग्राहक नाही. त्याला साधी धुलाई द्या, तीही मनापासून.

आणखी एक. काम देताना मालकाला एका कागदावर लिहून द्या: काय केलं, काय मुद्दाम केलं नाही, आणि घरी काय पाळायचं. उदाहरणार्थ, गाडी कोरड्या जागी हूड लावून ठेवा, म्हणजे कापड ताणलेलं राहतं. वर ताडपत्री टाकू नका, खाली दमट हवा कोंडते. हवा खेळणारं कव्हर वापरा. धानाची पोती ठेवलेल्या खोलीत गाडी उभी करू नका, उंदीर आधी पोतं बघतात आणि नंतर वायर. पक्ष्याची विष्ठा दिसली की ओल्या फडक्याने भिजवून लगेच काढा.

"काय केलं नाही" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तालुक्याच्या गावात फलकापेक्षा तोंडची गोष्ट लवकर पोचते. "त्याने ओरखडा दाखवला आणि म्हणाला, हा मी काढत नाही, रंग जाईल," हे वाक्य ग्राहक चार ठिकाणी सांगतो. आणि "रंग उडवून दिला" हे चाळीस ठिकाणी.

या आठवड्याचं काम

१. भंगारातून जुनं बॉनेट आणा. अर्ध्यावर टेप लावा आणि दुसऱ्या अर्ध्यावर सौम्य पॉलिशचा सराव करा. एका कोपऱ्यात मुद्दाम रंग संपेपर्यंत घासा. रंग किती लवकर संपतो, ते हाताला कळू द्या.

२. तपासणीचा एक पानी फॉर्म मराठीत तयार करा. पन्नास प्रती काढा आणि उद्यापासून प्रत्येक बोलेरोलासुद्धा भरा.

३. तुमच्या परिसरातल्या हूडच्या गाड्यांची यादी करा: सफारीच्या जिप्सी, वरातीच्या जीप, कुणाची जुनी एमएम ५४०. पावसाळ्याआधी "हूड आणि पाणी तपासणी" अशी एकच छोटी सेवा घेऊन त्यांच्याकडे जा. पहिलं काम तिथून येईल.

यादीत किती गाड्या निघाल्या ते कमेंटमध्ये नक्की लिहा. तुमच्या खर्चाचे आकडे टाकलेत, तर भाव कसा बसवायचा ते पुढच्या व्हिडिओत आपण मिळून काढू. कामाला लागा!